प्रयोगाची तोशीस कोणी सोसावी?

चंडीगड शहराच्या सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात पंजाब-हरियाणाच्या खेड्यांतून आलेली माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली असतात. त्यांतील पुष्कळांचा व्यवसाय शेतीचा. अशा एखाद्या शेतकऱ्यावर, या रुग्णालयात किंवा देशातील दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात, नवे औषध अजमावून पाहावयाचे ठरले, तर त्याला आधी सर्व गोष्ट त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते. त्याची लेखी संमती घ्यावी लागते. प्रयोगाची योजना नीतिविषयक समितीपुढे ठेवावी लागते. एवढे करूनही त्या प्रयोगामुळे त्याला इजा पोचली, तर उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई प्रयोग करविणाऱ्याने द्यावयाची, असा २०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या नियमांचा दंडक आहे.

या दंडकामागील विचार साधा आहे. एका माणसाने सर्वांच्या हितासाठी धोका पत्करला, तर त्या धोक्याची किंमत त्या एकट्याच्या माथी मारू नये.

आता हाच शेतकरी बरा होऊन घरी गेला, असे समजू. शहराची हद्द ओलांडली की गव्हाची आणि धानाची शेते सुरू होतात. हे शहरही अशाच शेतांवर वसलेले आहे. घरी पोचल्यावर या शेतकऱ्याने एखादे नवे बियाणे, पेरणीची नवी रीत किंवा खताची कमी मात्रा आपल्या शेतात अजमावून पाहिली, तर हाही प्रयोगच होय. तो यशस्वी झाला, तर शेजारचे शेतकरी त्याचे अनुकरण करतील, पुढे ते ज्ञान जिल्हाभर पसरेल. परंतु तो फसला, तर त्याची भरपाई कोण करणार? या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेपाशी आजही सरळ उत्तर नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात संशोधन करण्यासाठी अनुदान द्यावे, ही कल्पना याच प्रश्नातून जन्माला आलेली आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. देशात कृषी विद्यापीठे आहेत, संशोधन केंद्रे आहेत, तेथे विद्वान मंडळी प्रयोग करीत असतात. मग शेतकऱ्याने त्या भानगडीत पडावेच कशाला? ही शंका स्वाभाविक आहे. तथापि तिचे उत्तर शास्त्रज्ञांनीच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. संशोधन केंद्रावरील जमीन सपाट केलेली असते, पाणी वेळेवर मिळते, मजूर हाताशी असतात. शेतकऱ्याच्या शेतात एका बांधाला मुरूम तर दुसऱ्या बांधाला चिकण माती असते, पाऊस ओढ देतो, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत. केंद्रावर जे पीक डौलाने उभे राहते, ते या शेतात तसेच उभे राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. डॉ. स्टुअर्ट या स्कॉटिश मृदाशास्त्रज्ञाने भारतातील जमिनींच्या सुपीकतेविषयी १९४७ साली जो अहवाल दिला, त्यात खतांचे साधे प्रयोग प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या शेतांत करावेत, अशी शिफारस होती, आणि पुढे देशभर तसे प्रयोग झालेही.

या कामाला शास्त्रीय बैठक देण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी, पिकाचा अंदाज कचेरीत बसून न करता शेतकऱ्याच्या शेतातील यदृच्छया निवडलेला तुकडा कापून आणि मोजून करावा, ही पद्धत १९४० नंतरच्या दशकात रूढ केली. शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा त्यांचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि कृषी पदवीधरांच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या.

त्यांनी शिकविलेले तत्त्व अक्षरशत्रू माणसालाही समजण्याजोगे आहे. नवे बियाणे सगळ्या शेतात पेरून भागत नाही. कारण पीक चांगले आले तर ते बियाण्यामुळे आले की पावसामुळे, हे कळत नाही. म्हणून शेताचे लांब पट्टे पाडावयाचे. काहींत नवे बियाणे, काहींत जुने. कोणत्या पट्ट्यात कोणते, हे आपल्या पसंतीने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. नाहीतर माणूस नकळत चांगली माती आपल्या आवडत्या बियाण्याला देतो. प्रत्येक जोडी निदान चार-सहा वेळा पुन्हा लावावयाची, कापणी वेगवेगळी करावयाची, आणि धान्य वेगवेगळे मोजावयाचे. हे दोन-तीन हंगाम केले म्हणजे मग काही ठामपणे बोलता येते. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो वेळ, चिकाटी, काटा आणि वही.

परंतु आणखी एक गोष्ट लागते, आणि तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकात नसतो. ती म्हणजे नुकसान सोसण्याची ऐपत. समजा, एका कुटुंबाची दीड एकर, म्हणजे साठ गुंठे धानाची जमीन आहे आणि एकरी बारा क्विंटल धान होते. घरात वर्षाला अठरा क्विंटल धान आले. त्यातील दहा गुंठे नव्या बियाण्याच्या पट्ट्यांना दिले, आणि तेथे पीक निम्मेच आले, तर दीड क्विंटल धान गेले. आकडा लहान दिसतो. परंतु तो प्रयोग तीन खरिपांत केला आणि तिन्ही वेळा फसला, तर साडेचार क्विंटल, म्हणजे एका संपूर्ण वर्षाच्या पिकाचा चौथा हिस्सा गेला. त्याशिवाय वेगळी कापणी, वेगळी मळणी यांची मजुरी वरचढ. शंभर एकरवाल्याला जो खर्च छंदापोटी सहज करता येतो, तो दीड एकरवाल्याच्या मुलांच्या ताटातून जातो.

अशी ऐपत नसतानाही ज्याने प्रयोग केला, अशा एका माणसाची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. मराठवाड्यातील नांदेड शहराशी त्याचा काही संबंध नाही. या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराच्या आसपास जमीन असलेले शेतकरी होते. १९८३ साली त्यांच्या बांधीत ‘पटेल ३’ जातीचे धान उभे होते. त्यात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या इतरांबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढून जपून ठेवल्या. पुढल्या वर्षी ते मूठभर दाणे त्यांनी शेताच्या मध्यभागी थोड्याशा जागेत लावले, आणि रानडुकरांपासून राखण व्हावी म्हणून सभोवार काटेरी झुडपे रचली. वर्षामागून वर्ष ते वेगळे दाणे निवडीत गेले, पुन्हा लावीत गेले.

पाच-सहा वर्षांच्या या खटाटोपातून बारीक दाण्याचे, शिजल्यावर चवीला उत्तम असे धान तयार झाले. १९९० च्या सुमारास एका मोठ्या जमीनधारकाने त्यांच्याकडून दीड क्विंटल बियाणे नेऊन चार एकरांत लावले, आणि पीक भरघोस आले. ते धान बाजारात गेले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटी कंपनीची मनगटी घड्याळे लोकांच्या फार आवडीची होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले. पुढे हे एचएमटी धान विदर्भाच्या सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांतही पोचले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित झाला. मूळ निवड करणाऱ्याचे श्रेय कोणाचे, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला.

दादाजी एका वाणावर थांबले नाहीत. ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ असे आणखी अनेक वाण त्यांनी निवडून काढले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. तोपर्यंत पहिल्या लोंब्या निवडल्यास बावीस वर्षे लोटली होती. या दरम्यान घरच्या आजारपणासाठी त्यांना आपली जमीन विकावी लागली होती. ज्याचे बियाणे हजारो शेतांत डोलत होते, त्याच्या नावावर पेरायला जमीन उरली नव्हती. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले.

दादाजींच्या चिकाटीचे गुणगान करून ही हकीकत संपविण्याचा मोह होतो. परंतु ती खरोखर काय सांगते, ते पाहिले पाहिजे. पुरस्कार आला तो काम पुरे झाल्यानंतर. खर्च आणि धोका होता तो आधीच्या वर्षांत. त्या वर्षांत कोणी त्यांना बांधीभोवती तारेच्या कुंपणापुरते पैसे दिले असते, निवडीची नोंद कशी ठेवावी हे दाखवून दिले असते, आणि त्या नोंदीवर तारीख घालून साक्ष ठेवली असती, तर पुढचा श्रेयाचा वाद बहुधा उद्भवलाच नसता. शिवाय दादाजींचे नाव आपल्याला ठाऊक झाले, कारण ते यशस्वी झाले. ज्यांनी वेगळी लोंबी पाहिली, परंतु ती जपून लावण्याइतकी जागा सोडणे ज्यांना परवडले नाही, त्यांची गणती कोणी केलेली नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतील द्राक्षवेलींमधून ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण निवडले. ‘सोनाका’ या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. सांगली जिल्ह्यात तासगाव भागातील बोरगावच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ हा वाण असाच पुढे आला. या बागाईतदारांची बुद्धी आणि निरीक्षण वादातीत आहे. परंतु त्यांच्यापाशी पाणी होते, नगदी पीक होते, आणि १९६० साली स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ पाठीशी होता. एका बागेत दिसलेली गोष्ट दुसऱ्या बागेत ताडून पाहण्याची सोय या संघटनेमुळे झाली. नान्नजचा बागाईतदार आणि नागभीडचा धानकरी यांच्या दृष्टीत फरक नव्हता. फरक होता तो तोशीस सोसण्याच्या शक्तीत. अनुदानाने भरून काढावयाची दरी ती हीच.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण आपल्या नावावर नोंदविण्याचा हक्क दिला. जुने वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि समूहांना राष्ट्रीय जनुक निधीतून पुरस्कार देण्याची तरतूद झाली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान २००० सालापासून शेतकऱ्यांच्या कल्पना शोधून त्यांची पारख करीत आहे. १९७४ साली पुद्दुचेरीत पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत, आणि शेतकऱ्यांच्या शेतांत चाचण्या घेणे हे त्यांच्या कर्तव्यांपैकी एक आहे. तथापि यातील बहुतेक व्यवस्थांत शेतकरी एक तर काम संपल्यावर सत्कारासाठी बोलाविला जातो, किंवा दुसऱ्याने आखलेल्या प्रयोगाला जमीन देणारा एवढीच त्याची भूमिका असते. कोणता प्रश्न तपासावयाचा, हे त्याने ठरवावे आणि त्यासाठीचा पैसा आधी त्याच्या हाती यावा, ही पायरी अजून रुंद व्हावयाची आहे.

ही पायरी इतरत्र चढून झालेली आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९८५ साली शेतकऱ्यांनी एक संघटना स्थापन केली. तिचे सभासद आपल्या शेतांत शेजारी-शेजारी पट्टे पाडून प्रयोग करतात आणि निष्कर्ष एकमेकांच्या बांधावर जाऊन पाहतात. १९८८ पासून तेथील केंद्र शासनाने टिकाऊ शेतीच्या संशोधनासाठी एक कार्यक्रम चालविला आहे. त्यात शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र अनुदाने आहेत. शेतकरी स्वतः प्रश्न मांडतो, प्रयोगाची योजना आणि खर्चाचा अंदाज देतो. अनुदानात त्याच्या श्रमाचे मोलही धरता येते. त्याच्यावर बंधन असते ते एवढेच, की हाती आलेला निष्कर्ष, अनुकूल असो वा प्रतिकूल, लिहून द्यावयाचा आणि इतर शेतकऱ्यांपुढे मांडावयाचा. तेथील शेते मोठी आहेत, आपली लहान आहेत, हे खरे. परंतु म्हणूनच आपल्याकडे या मदतीची निकड अधिक आहे.

असे अनुदान आपल्याकडे सुरू करावयाचे, तर काही अडचणींचा विचार आधीच केलेला बरा. पहिली शंका गैरवापराची. प्रयोगाच्या नावाखाली पैसे घेऊन नेहमीचेच पीक काढले जाईल, ही भीती निराधार नाही. तिच्यावर उपाय जाड कागदपत्रांचा नव्हे. पट्टे शेतात डोळ्यांना दिसतात. कापणीच्या दिवशी गावातील चार शेतकरी आणि कृषी सहायक यांच्यासमोर धान मोजले, आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखविला, तर खोटेपणाला फारशी जागा उरत नाही. शेजाऱ्याइतका कडक तपासनीस कोणत्याही खात्यापाशी नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि ती कचेरीच्या मनातली आहे. सरकारी पैशाचा हिशेब तपासणारा माणूस साहजिकच विचारतो, की खर्च झाला, मग उत्पन्न का वाढले नाही? विहिरीच्या किंवा बंधाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. प्रयोगाच्या बाबतीत तो घातक ठरतो. नवे बियाणे या मातीत चालत नाही, हे नीट मोजून सिद्ध झाले, तर गावातील शंभर शेतकऱ्यांचे नुकसान टळले. तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. म्हणून अशा अनुदानाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असावे, की तपासणी करावयाची ती नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या की नाहीत याची. पीक किती आले याची नव्हे. अपयशाची शिक्षा होते, असा एकदा समज झाला, की वहीत नेहमी यशच लिहिले जाईल, आणि त्या वहीची किंमत शून्य होईल.

तिसरा प्रश्न पात्रतेचा. सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच अनुदान, हा सोयीचा नियम झाला. परंतु खंडाने किंवा बटाईने शेती करणाराही प्रयोग करू शकतो. आणि घराघरांत बियाणे निवडण्याचे, ते राख लावून मडक्यात जपून ठेवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह उभा केला, त्याचा २०२० साली पद्मश्रीने गौरव झाला. अशा किती तरी जणींच्या हाती ज्ञान आहे, परंतु सातबाऱ्यावर नाव नाही. त्यांचा अर्ज पहिल्याच खिडकीवरून परत जाऊ नये.

राहिला रकमेचा प्रश्न. हे अनुदान मोठे असण्याची गरज नाही. प्रयोगाला दिलेल्या गुंठ्यांतील संभाव्य तूट, जादा मजुरी, कुंपण आणि बियाणे एवढ्याचा हिशेब पेरणीपूर्वी व्हावा, तो निदान तीन हंगामांसाठी असावा, आणि तूट आलीच तर भरून देण्याचा करार आधी व्हावा. त्याबरोबर आणखी एक हमी हवी. प्रयोगातून नवा वाण निघाला, तर पहिली नोंद त्या शेतकऱ्याच्या नावाने होईल, आणि बियाणे पुढे कोणत्याही संस्थेने नेले तरी त्याचे नाव त्याच्याबरोबर जाईल.

यातले काहीही अपूर्व नाही. सेक्टर ३२ मधील रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाला कायद्याने जे दिले आहे, तेच तो आपल्या शेतात उभा असताना त्याला मिळावे, एवढेच हे मागणे आहे: आधी माहिती, त्याची स्वतःची संमती, आणि नुकसान झाले तर भरपाई. दादाजी खोब्रागड्यांनी १९८४ साली आपल्या बांधीतील वीतभर जागेभोवती काट्यांची झुडपे रचली, कारण त्या मूठभर दाण्यांची राखण करणारे दुसरे कोणी नव्हते. आजही कोठल्या तरी शिवारात एखादी वेगळी लोंबी कोणाच्या तरी नजरेस पडत असेल. ती जपून ठेवावी की इतरांबरोबर कापून टाकावी, याचा निर्णय त्या घरातील धान्याच्या कणगीकडे पाहून होऊ नये.